गोंजारलेलं रोप खुजं का राहतं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता. 'झाडांना रोज पाच मिनिटं प्रेमानं गोंजारा, त्यांच्याशी बोला, ती दुप्पट वेगानं वाढतील.' त्याखाली भराभर अंगठे आले, जोडलेले हात आले आणि एकोणिसाव्या मजल्यावरच्या काकूंचा व्हॉइस मेसेज आला, "अगदी खरंय हो. ज्याला पटत नसेल त्यानं येऊन माझी तुळस बघावी."

मला पटत नव्हतं, म्हणून मी गेले बघायला. ठाण्यात घोडबंदर रोडवरचा आमचा टॉवर येऊरच्या डोंगराकडे पाठ करून खाडीकडे तोंड करून उभा आहे. एकोणिसाव्या मजल्यावर गॅलरीचं दार उघडलं की वारा पदर ओढतो. तुळस मात्र खरंच बघण्यासारखी होती. हातभरच उंच, पण इतकी गच्च की आतली माती दिसेना, आणि खोड करंगळीएवढं जाड. मी राहते दुसऱ्या मजल्यावर, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. माझी तुळस कमरेच्या वर गेलेली, अशक्त, दोनच फांद्यांची, काठीला सुतळीनं बांधलेली.

काकूंचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. फक्त त्यांची तुळस फॉरवर्डच्या बरोब्बर उलट साक्ष देत होती. ती वाढलेली नव्हती, खुंटलेली होती. दिसायला सुंदर, पण खुंटलेली.

यातला एक भाग शाळेत शिकलेला आहे. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली झिरपत येतं आणि पानांच्या बेचक्यातले डोळे फुटू देत नाही. शेंडा खुडला की वरचा दाब जातो, डोळे फुटतात, झाड भरतं. काकू रोज सकाळी पूजेसाठी मंजिऱ्या आणि कोवळे शेंडे खुडतात. म्हणजे प्रेमाच्या खात्यावर जमा झालेलं निम्मं श्रेय त्यांच्या नखांचं आहे. पण फांद्या जास्त का, एवढंच त्यातून कळतं. खोड जाड का आणि उंची कमी का, हे त्यातून पुरतं कळत नाही. मला लिहायचंय ते त्याविषयी.

स्पर्शाला झाड उत्तर देतं म्हटलं की सगळ्यांना लाजाळू आठवते. पावसाळ्यात येऊरला पोरंटोरं तिला हात लावत हिंडतात. तिच्या देठांच्या बुडाशी फुगीर गादी असते. स्पर्श झाला की गादीच्या खालच्या बाजूच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागोमाग पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि पान मिटतं. एका पानाकडून दुसरीकडे ही वर्दी सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर वेगानं जाते. (लाजाळू मूळची आपली नव्हेच, उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली आहे. आपल्या जंगलातली लाजरी वेगळी, ताडाच्या रोपट्यासारखी दिसणारी.) पण हे झालं चटकन दिसणारं उत्तर. दहा-पंधरा मिनिटांत पान पुन्हा उघडतं आणि झालं गेलं विसरलं जातं. दुसरं उत्तर संथ असतं आणि ते आपल्या कुंडीतलं मुकाट रोपसुद्धा देतं.

१९७३ साली मॉर्डेकाय जाफे या अमेरिकी शास्त्रज्ञानं अगदी घरगुती वाटेल असा प्रयोग केला. रोपांची खोडं दिवसातून एकदा-दोनदा, सुमारे दहा सेकंद, बोटांनी हलकेच चोळायची. बस्स. घेवडा, काकडी, सातू, एरंड, सगळ्यांची लांबी वाढायची मंदावली. आपल्या लाजाळूचीही. वाटाणा, गहू आणि भोपळ्याच्या जातीची एक वेल यांनी मात्र दाद दिली नाही, म्हणजे हा नियम सरसकट नाही. या प्रकाराला त्यानं एक लांबलचक ग्रीक नाव दिलं. मी त्याला नुसतं 'स्पर्शखुजेपणा' म्हणते.

आता माझी आवडती गोष्ट. १९९० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस हे वेगळंच काही शोधत होते. अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं वीतभर रोप आहे, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांमधलं उंदीरमामाच म्हणा. त्यावर जिबरेलिनसारखी संप्रेरकं फवारायची आणि कोणती जनुकं जागी होतात ते पाहायचं, असा बेत होता. फवारलं. काही जनुकं दहा ते तीस मिनिटांत सपाटून कामाला लागली, काहींचं काम शंभरपटीपर्यंत वाढलं. कुणीही खूश व्हावं असा निकाल. पण रीत म्हणून काही रोपांवर नुसतं पाणी फवारलं होतं. तिथेही तीच जनुकं, तितकीच जागी! मग त्यांनी पाणीही सोडलं आणि रोपांना वारा घातला, हात लावला. तोच निकाल. संप्रेरकाचा त्यात काही संबंधच नव्हता, रोप फवाऱ्याच्या थेंबांचा मार मोजत होतं. या जनुकांचं नावच मग इंग्रजी 'टच'वरून पडलं. त्यातलं पहिलं निघालं कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाचं.

नुसत्या पाण्याची ती रोपं ठेवली नसती, तर जिबरेलिननं जागी होणारी जनुकं म्हणून चुकीचा निबंध छापून आला असता. 'मी अमुक खत घातलं आणि झाड तरारलं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवते. मला त्यामुळे फारसं कुणी बागेतल्या गप्पांना बोलावत नाही.

कॅल्मोड्युलिन का महत्त्वाचं, त्यासाठी थोडं पेशीच्या आत शिरावं लागेल. पेशीबाहेरच्या भिंतीत जितकं कॅल्शियम असतं, त्याच्या साधारण दहा हजारावा हिस्साच आत ठेवलेला असतो. कारण पेशीचा सगळा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम-फॉस्फेटची गाठ पडली की न विरघळणारा साका होतो. आपली हाडं त्याचीच असतात. पेशीला पोटात हाडं परवडत नाहीत. म्हणून ती आत आलेलं कॅल्शियम अखंड बाहेर फेकत असते. ठाण्याच्या खाडीत जुनी होडी हाकताना एक जण सतत डबड्यानं पाणी उपसत असतो, तसं.

पण त्या होडीचा एक फायदा आहे. तळ कोरडा ठेवलेला असला की जरासं पाणी शिरलं तरी लगेच कळतं. खोड वाकलं की पेशीचं आवरण ताणलं जातं, ताणानं उघडणारी दारं उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. हे काही सेकंदांत घडतं. कॅल्मोड्युलिनला चार खोबणी असतात, त्यांत चार कॅल्शियम बसले की त्याचा आकार पालटतो आणि ते दुसऱ्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. त्यातली काही प्रथिनं थेट जनुकांची बटणं दाबणारी असतात. पाऊस, वारा, मांजर, काकू, कुणीही हात लावला तरी पेशीला कळतं एवढंच की होडीत पाणी आलं.

इथून पुढे संप्रेरकं येतात आणि वाट जरा गुंतागुंतीची होते. खोडाची लांबी वाढवणारं मुख्य संप्रेरक जिबरेलिन. ते पेशीला 'वाढ' असं सांगत नाही. वाढ अडवून धरणारी 'डेला' नावाची प्रथिनं असतात, त्यांची ते विल्हेवाट लावतं. म्हणजे ते पाय ब्रेकवरून काढतं. २०१५ साली जर्मनीतल्या संशोधनात दिसलं, की स्पर्शानं जिबरेलिन मोडून टाकणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक जागं होतं. जिबरेलिन घटतं, डेला शिल्लक राहतात, ब्रेक लागलेलाच राहतो. ज्या रोपांत ते जनुकच बिघडलेलं होतं, ती कितीही गोंजारली तरी खुजी झाली नाहीत. आपल्या भातशेतीत क्रांती घडवणारं १९६६ सालचं आयआर-८ हे वाण बुटकं होतं तेही जिबरेलिन कमी पडल्यामुळेच. तिथे ते बनवणाऱ्या विकरात खोट होती, इथे बनलेलं मोडलं जातं. कणसाच्या भारानं भात लोळू नये म्हणून माणसानं जे हेरून निवडलं, ते रोप वाऱ्यात स्वतःहून करतं.

दुसरी वाट जास्मोनेटची. अळीनं पान कुरतडलं की झाडात जे संप्रेरक उसळतं ते हेच. २०१२ साली ब्राम यांच्याच प्रयोगशाळेनं दाखवलं, की वारंवार हात लावलेल्या रोपांत जास्मोनेट वाढतं, ते नसेल तर रोप खुजं होत नाही, आणि अशी हाताळलेली रोपं अळीला आणि बुरशीला जास्त दाद देत नाहीत. आपण मायेनं हात फिरवतो तेव्हा रोप लढाईची तयारी करत असतं!

म्हणूनच 'झाडाला प्रेम कळतं' ऐकलं की माझं डोकं फिरतं. १९६६ साली क्लीव्ह बॅक्स्टर नावाच्या अमेरिकी पॉलिग्राफ-तज्ज्ञानं ड्रॅसीनाच्या पानाला खोटं पकडणारं यंत्र लावलं आणि झाडाला मनातले विचार कळतात असा डंका पिटला. इतरांनी नीट काळजी घेऊन प्रयोग केले तेव्हा काही हाती लागलं नाही, पण डंका अजून वाजतोय आणि हल्ली त्याला 'सकारात्मक ऊर्जा' म्हणतात. वाईट वाटतं ते जगदीशचंद्र बोस यांचं. रोपाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारं यंत्र त्यांनी बांधलं, चोळल्यानं-डिवचल्यानं वाढ मंदावते हेही त्यावर मोजलं, आणि आज त्यांचं नाव नेमकं या फॉरवर्डच्या तळाशी चिकटवलेलं असतं.

शेवटी मीही गॅलरीत दोन कुंड्यांत चवळी पेरली. एका कुंडीतल्या रोपांवरून सकाळ-संध्याकाळ जुनं पोस्टकार्ड वीस वेळा फिरवायचं, दुसरीला हात लावायचा नाही. तीन आठवड्यांनी पोस्टकार्डवाली रोपं चार बोटं बुटकी आणि हाताला टणक लागत होती. याला प्रयोग म्हणायची माझी हिंमत नाही. दोन्ही कुंड्यांना ऊन सारखं नव्हतं, आणि न शिवलेल्या कुंडीतली दोन रोपं कबुतरांनी उपटली. कबुतरानं उपटणं हा स्पर्शच धरायचा का, यावर घरात वाद झाला.

रस्त्याकडेला लावलेली रोपं बांबूला करकचून बांधलेली दिसतात तेव्हा मात्र मला ही चवळी आठवते. थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १८०३ साली सफरचंदाची कोवळी झाडं अशी बांधली होती, की ती फक्त उत्तर-दक्षिणच डोलू शकतील. शरद ऋतूपर्यंत त्यांचं खोड त्याच दिशेनं जास्त जाड झालं, साधारण १३ला ११ या प्रमाणात. डोलायलाच दिलं नाही तर खोडानं जाड व्हायचं कशाला? मी माझ्या तुळशीची सुतळी सैल केली आहे.

हे सगळं सांगायला परवा पुन्हा एकोणिसावा मजला गाठला. काकूंनी चहा टाकला, कॅल्शियमपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, जिबरेलिनला त्यांची नजर दूध उतू जातंय का तिकडे गेली.

"पण अगं, मी कुठे गोंजारते?" त्या म्हणाल्या. "तो मेसेज मला आवडला म्हणून आपलं म्हटलं. मी रोज धूळ पुसते. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून पानं कशी राखाडी होतात बघ."

त्यांनी ओल्या फडक्यानं एक फांदी पुसून दाखवली, खालून वर, दोनदा. फडकं काळं झालं. म्हणजे नखं, वारा आणि फडकं, शिवाय पुसलेल्या पानाला मिळणारा जास्तीचा उजेड. मी वहीत चौथा रकाना आखला.