अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो

वाळूजच्या कंपनीत रुजू होणारी पोरं बजाजनगरात खोली बघायला येतात, तेव्हा घरमालक हमखास सांगतात, “अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला? नोटरी केली की झालं.” हे खरं नाही.

गैरसमजाचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणी सक्तीची, म्हणून अकराचा आकडा रुळला. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. कसूर झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरतात. घरमालकांनी हे तर नक्की वाचावं.

नोटरीचा लाल शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. खरी नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते: आधार, अंगठा, कॅमेऱ्यात फोटो. शुल्क शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. मुद्रांक शुल्क वेगळं. परभणी-हिंगोलीहून पहिल्यांदा घर सोडून आलेल्या पोरांनो, डिपॉझिटचा आकडा त्या करारात लिहिलाय का, तेवढं सही करण्याआधी बघा.