स्लाइड बोर्ड की स्लायडर? घसरण्याचे दोन वेगळे व्यायाम

जूनमध्ये पाऊस लागला की फोंड्यात आमच्या मैदानावर चिखल होतो आणि सकाळचं धावणं सप्टेंबरपर्यंत बंद पडतं. धाकटा भाऊ फुटबॉल खेळतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्यासाठी घरात स्लाइड बोर्ड मागवायचं ठरवलं, आणि खोक्यातून निघाल्या दोन गोल चकत्या. नावात गल्लत झाली होती. ती अनेकांची होते, म्हणून हे सविस्तर लिहिते.

स्लाइड बोर्ड म्हणजे साधारण पाच ते आठ फूट लांबीचा गुळगुळीत पट्टा. दोन्ही टोकांना पाय अडवणारे ठोकळे असतात, त्यांना बंपर म्हणतात. बुटांवर कापडी मोजे चढवायचे, एका बंपरला पाय टेकवून रेटा द्यायचा आणि आडवं घसरत दुसऱ्या टोकाला जायचं. स्पीड स्केटिंग करणारे बर्फाबाहेर हाच सराव करतात.

स्लायडर म्हणजे त्या चकत्या, बशीपेक्षा जरा मोठ्या. बहुतेकांची एक बाजू प्लॅस्टिकची, ती गालिच्यासाठी. दुसरी कापडाची, फरशीसाठी. एक पाय जमिनीवर रोवून दुसरा चकतीवरून सावकाश मागे किंवा बाजूला सरकवायचा, किंवा दोन्ही पाय चकत्यांवर ठेवून प्लँक करायचा, म्हणजे हातांवर भार घेऊन पालथं शरीर फळीसारखं सरळ धरायचं. मोझॅकच्या फरशीवर घडी घातलेला पंचाही हे काम करतो.

माझ्या मते खरा फरक थांबण्यात आहे. चकतीवर वेग तुमच्या हातात असतो, मध्येच जड वाटलं तर तिथेच थांबता येतं. बोर्डावर एकदा रेटा दिला की शरीर निघतं, आणि ते थांबवायचं काम पुढच्या पायाला, कुल्ल्याला आणि मांडीला करावं लागतं. म्हणून चकती मुख्यतः ताकद वाढवते, तर बोर्ड त्याबरोबर दमही काढतो. धावताना आपण सतत पुढेच जातो. कुल्ल्याच्या बाजूच्या आणि मांडीच्या आतल्या स्नायूंना असा आडवा ताण क्वचितच मिळतो. फुटबॉलमध्ये झटकन बाजूला वळताना नेमके तेच स्नायू लागतात, आणि जांघ आखडते तीही तिथेच. भावाला बोर्डच हवा होता तो यासाठी.

तरी मी त्याला आधी दोन आठवडे चकत्यांवर बाजूचे लंज, म्हणजे एक गुडघा वाकवत दुसरा पाय बाजूला सरकवणं, करायला लावले, आणि ते बरं झालं असंच मला वाटतं. मांडीची आतली बाजू सवयीची नसताना थेट बोर्डावर चढलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही.

बोर्डावर पहिल्या दिवशी गुडघे वाकवून, कुल्ले मागे घेऊन, छाती किंचित पुढे झुकवून उभं राहायचं. नजर समोर, पायांकडे नको. रेटा अर्ध्याच जोराचा द्यायचा. दुसऱ्या टोकाला पोचलो नाही तरी चालेल. मागचा पाय फरफटत न ठेवता पुढच्याजवळ आणायचा. वीस सेकंद घसरणं, चाळीस सेकंद विश्रांती, अशा पाच फेऱ्या सुरुवातीला पुरतात. पाय जमिनीवर आपटत नाहीत, त्यामुळे हादरे कमी बसतात; पण गुडघा आत वळू द्यायचा नाही, आणि तो आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नये.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक काळजी. फरशीला ओल सुटते आणि बोर्डच खालून सरकतो. फरशी कोरडी पुसून खाली रबरी चटई घालावी. सारवलेल्या उंचसखल वसरीवर तो नीट बसणार नाही. कापडी मोजे बोर्डावरच काढायचे. ते घालून फरशीवर दोन पावलं टाकली तरी माणूस आडवा होतो.

मागवताना फक्त नावावर विसंबू नका. रुग्णाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकवायच्या फळीलाही स्लाइड बोर्डच म्हणतात. लांबी किती, बंपर आहेत का आणि मोजे सोबत मिळतात का, एवढं आधी विचारा.