बिजवराची नोंद गावच्या चर्चमध्ये का सापडत नाही

इंग्लंडमधल्या एखाद्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, वहीत खापरपणजोबांचं पहिलं लग्न मिळतं. बायकोचं दफन मिळतं. पुढच्या बाप्तिस्म्यांत आईचं नाव बदललेलं दिसतं. मधलं दुसरं लग्न मात्र कुठेच नसतं. पानं गहाळ झाली असतील किंवा पाद्री लिहायला विसरला असेल, असं म्हणून शोधणारे पुढे जातात. लग्न १८३५नंतरचं असेल तर एवढ्यावर समाधान मानू नये. दुसरी बायको पहिलीची बहीण होती का, हे आधी पाहावं. तशी असेल तर लग्न मुद्दाम लांब जाऊन लावलेलं असण्याची शक्यता मोठी.

बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या ठेवण्याची सक्ती १५३८ची. बिजवर हुडकायला त्या काळच्या नोंदी फारशा उपयोगी पडत नाहीत. तारीख आणि दोन नावं, तीही अनेकदा लॅटिनमध्ये. नवरा विधुर होता का, याचा बहुधा पत्ताच नाही. मार्च १७५४पासून छापील नमुना आला आणि खरी सोय झाली. वधूवरांची पॅरिश कोणती, लग्न बॅन्स पुकारून (म्हणजे चर्चमध्ये आधी जाहीर घोषणा करून) झालं की लायसन्स (चर्चचा परवाना) काढून, हे त्यात भरावं लागे. खाली दोघांच्या सह्या किंवा फुल्या आणि दोन साक्षीदार. 'विधुर' किंवा 'विधवा' हा शब्द पडला तर नशीब.

या साक्षीदारांकडे फार कमी लोक बघतात. पहिल्या लग्नात नवरीची धाकटी बहीण साक्षीदार म्हणून सही करते. काही वर्षांनी तिचीच सही दुसऱ्या शहरातल्या वहीत, या खेपेला नवरी म्हणून, सापडू शकते. आडनावाचं पहिलं अक्षर, शेवटचा फराटा जुळवून बघता येतो. फुली असेल तर अर्थातच हा मार्ग बंद.

आता लांब जायची गरज का पडली, ते. आपल्याकडे बायको गेल्यावर धाकटी मेहुणी करून घेणं नवं नाही. लहान पोरांना सावत्र आई म्हणून मावशीच बरी, असंच घरची मंडळी म्हणत. इंग्लंडमध्ये गरज तीच होती, पण चर्चने १५६३मध्ये काढलेल्या निषिद्ध नात्यांच्या कोष्टकात बायकोची बहीण बसवलेली होती. तरीही १८३५पर्यंत असं लग्न आपोआप रद्द होत नसे. नवराबायको दोघं जिवंत असतानाच कोणी चर्चच्या कोर्टात गेलं तर ते मोडता येई. दोघांपैकी एक वारला की वाद संपला आणि मुलं औरस ठरली.

१८३५च्या कायद्याने दोन गोष्टी एकदम केल्या. तोवर झालेली अशी लग्नं पक्की केली आणि यापुढची मुळातच शून्य ठरवली. एका सरदार घराण्यातल्या अशाच लग्नाचा वारस सुरक्षित करण्यासाठी ही धडपड होती, असं मानलं जातं. तसं असेल तर वरच्यांची सोय झाली आणि किंमत पुढच्या सत्तर वर्षांतल्या कारागिरांनी, दुकानदारांनी मोजली. ऐपतदार मंडळी परदेशी जाऊन लग्न लावत, पण तेही टिकेना. डेन्मार्कच्या अमलाखालच्या मुलखात झालेलं असं एक लग्न तिथे वैध असूनही १८६१मध्ये लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठाने रद्दबातल धरलं.

गरिबांचा उपाय स्वस्त होता. मँचेस्टरसारख्या शहरात एकाच चर्चमध्ये एका दिवसात कितीतरी जोडपी उभी राहत. तिथे थोडे दिवस खोली घ्यायची, 'याच पॅरिशचे' म्हणून नाव द्यायचं आणि तीन रविवार बॅन्स पुकारून घ्यायचे. त्या गर्दीत हरकत घ्यायला ओळखीचं कोण असणार? म्हणून शोध गावापासून गोल गोल वाढवत नेण्यापेक्षा जवळच्या मोठ्या शहरावर थेट उडी मारावी. जुलै १८३७पासूनच्या लग्नाच्या सरकारी दाखल्यांत नवरीच्या वडिलांचं नाव आणि धंदाही असतो. दोन्ही लग्नांत सासरा एकच निघाला की प्रश्न मिटला. १८५१पासूनच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं लिहिलेलं असतं; एका गणनेत 'मेहुणी' असलेली बाई पुढच्या गणनेत त्याच घरात 'पत्नी' झालेली दिसते.

मृत्युपत्रंही सोडू नयेत. 'माझी मुलं' एवढंच लिहिलं तर कायदा त्याचा अर्थ औरस मुलं असा करी, त्यामुळे शहाणा वकील या घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव घालून घेई आणि बाईचा उल्लेख तिच्या माहेरच्या आडनावाने करी. त्या आडनावावरून आपलं काम होऊन जातं.

बंदी उठवण्याची विधेयकं १८४२पासून येत राहिली आणि पडत राहिली. बिशपांचा विरोध त्यात मोठा. अखेर १९०७मध्ये मेहुणीशी लग्न कायदेशीर झालं, आधी लागलेलीही बहुतेक मान्य झाली. नको असेल तर पाद्र्याला असं लग्न लावायला नकार देण्याची मुभा मात्र राहिली. भावाच्या विधवेशी लग्नाला परवानगी मिळायला १९२१ उजाडलं. आणि १९०७च्या त्याच कायद्यात एक कलम होतं: त्याआधी कोणाला मिळालेल्या मालमत्तेच्या हक्काला धक्का लागणार नाही. म्हणजे आईबापांचं लग्न जुन्या तारखेपासून खरं ठरलं, तरी चुलत्याकडे गेलेलं घर पोरांकडे परत आलं नाही.