नवी मोटारसायकल सदोष निघाली तर: वॉरंटीचा दावा आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार

वॉरंटीचा निकाल बहुतेक वेळा जॉब कार्डावरच (गाडी सर्व्हिसला देताना भरला जाणारा तक्रारीचा कागद) लागतो. गाडी सर्व्हिसला घेताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तक्रारीच्या रकान्यात ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो. त्यावर सही करू नका. ‘इंजिन तापल्यावर तिसरा गिअर निसटतो, ३,४१२ कि.मी.’ असे नेमके लिहायला लावा आणि प्रत घ्या. दोष परत आला की नवे कार्ड, पण शब्द तेच. आयोगापुढे ही तीन-चार कार्डेच बोलतात.

दावा नाकारला जातो तो मुख्यतः मोफत सर्व्हिस चुकवल्यामुळे (दिवस किंवा किलोमीटर, जे आधी भरेल ते) किंवा बाहेर वायरिंग कापून जादा लाइट बसवल्यामुळे. ब्रेक शू, क्लच प्लेट यांसारखे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत नसतात. नकार तोंडी ऐकून परतू नका, नकाराचे कारण ईमेलवर मागा.

मग डीलर आणि कंपनी दोघांनाही लेखी नोटीस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते, पण तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. तो आयोगाला आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. ऑनलाइन अर्ज ई-जागृती पोर्टलवर होतो, वकील सक्तीचा नाही. गाडीसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. पोटापाण्यासाठी स्वतः डिलिव्हरी करणाराही ग्राहकच ठरतो. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ यात ती सहज निघून जाते.

सोबत जोडा: खरेदीचे बिल, आरसी, वॉरंटी पुस्तिका, सर्व जॉब कार्डे, ईमेल, नोटीस व पोचपावती, ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र.

तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवतो, त्याचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. म्हणून बिघडलेल्या भागाचे फोटो काढून ठेवा. मागणी लिहितानाही विचार करा: भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मिळणे अवघड असते. त्यामुळे दुरुस्ती, बदली, परतावा आणि नुकसानभरपाई हे पर्याय क्रमाने मागा. आदेश पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.