ओब्रायन, कोनन

(१८ एप्रिल १९६३ – ). अमेरिकन विनोदकार, लेखक व दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालक. १९९३ ते २०२१ या काळात त्यांनी रात्री उशिराचे गप्पांचे तीन कार्यक्रम चालवले. त्यांतला सर्वांत मानाचा कार्यक्रम आठ महिन्यांच्या आत त्यांच्या हातून गेला. त्यांचे उत्तम काम मात्र त्यानंतरचे आहे.

बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन गावी, आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील वैद्यकीय संशोधक, आई वकील. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना ‘हार्वर्ड लॅम्पून’ या विनोदी नियतकालिकाचे ते दोन वेळा अध्यक्ष झाले. १९८५ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी लेखनावर पोट भरायचे ठरवले. १९८८ पासून ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमासाठी आणि पुढे ‘द सिम्प्सन्स’ या व्यंगचित्र मालिकेसाठी त्यांनी लिहिले. एका लबाड विक्रेत्याच्या नादी लागून अख्खे गाव मोनोरेल विकत घेते, हा त्यांनी लिहिलेला भाग आजही त्या मालिकेच्या सर्वोत्तम भागांत गणला जातो.

अमेरिकेत रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू होणाऱ्या अशा कार्यक्रमांचा साचा ठरलेला असे : दिवसभराच्या बातम्यांवर सूत्रसंचालकाचे उभ्याने केलेले विनोद, मग टेबल, शेजारी पाहुण्याची खुर्ची, एका बाजूला वाद्यवृंद. एनबीसी वाहिनीवरील ‘द टुनाइट शो’ हे यातले सर्वांत मानाचे आसन. जॉनी कार्सन १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे त्यावर बसले. ते निवृत्त झाल्यावर ही जागा जे लेनो यांना मिळाली आणि त्याच्या पाठोपाठ लागणाऱ्या ‘लेट नाइट’चे सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन सीबीएस या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे गेले. लेटरमन यांची साडेबारानंतरची रिकामी वेळ ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’चे निर्माते लॉर्न मायकल्स यांच्या आग्रहामुळे ओब्रायन यांच्याकडे आली. पडद्यावर त्यांना तेव्हा कोणी ओळखत नव्हते.

१३ सप्टेंबर १९९३ रोजी त्यांचा ‘लेट नाइट’ सुरू झाला आणि समीक्षकांनी त्याची सालटी काढली. वाहिनी काही आठवड्यांपुरतीच मुदतवाढ देत होती. तरीही ओब्रायन, सोबती अँडी रिक्टर आणि लेखकांनी आपला विक्षिप्तपणा सोडला नाही, आणि त्या वेळी जागे असलेल्या महाविद्यालयीन मुलांनी तो उचलून धरला. २००७-०८ मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांनी केलेल्या संपात ओब्रायन यांचा पिंड विशेष दिसला. लेखक संपावर असतानाच कामावर परतावे लागले तेव्हा हाताशी लिहिलेले काही नव्हते. ते दाढी वाढवून आले, बोटातली लग्नाची अंगठी काढून टेबलावर भोवऱ्यासारखी फिरवू लागले आणि ती किती वेळ फिरते हे घड्याळ लावून मोजू लागले. प्रेक्षक श्वास रोखून पाहत राहिले. संपामुळे बसून राहिलेल्या इतर कर्मचाऱ्यांचे पगार त्या काळात त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले, ही गोष्टही नोंदवायला हवी.

लेनो यांच्यानंतर ‘टुनाइट शो’ ओब्रायन यांना मिळेल, असे एनबीसीने २००४ मध्येच जाहीर केले होते. त्यानुसार १ जून २००९ रोजी त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये सूत्रे घेतली. पण वाहिनीने लेनो यांनाही सोडले नाही आणि रात्री दहाला त्यांचा नवा कार्यक्रम लावला. तो पडला, त्याच्यानंतर लागणाऱ्या स्थानिक केंद्रांच्या बातम्यांचे प्रेक्षक घटले आणि केंद्रे ओरडू लागली. तेव्हा लेनो यांना ११:३५ ची वेळ देऊन ‘टुनाइट शो’ मध्यरात्रीनंतर १२:०५ ला ढकलण्याचा तोडगा निघाला. जानेवारी २०१० मध्ये ओब्रायन यांनी ‘पृथ्वीवासीयांनो’ अशी सुरुवात करून लिहिलेल्या निवेदनात याला नकार दिला. आपल्या हातून या परंपरेचे नुकसान होऊ देणार नाही, हा त्यातला मुद्दा होता. चूक वाहिनीची होती : एकच खुर्ची तिने दोघांना देऊ केली. सुमारे साडेचार कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यातला सुमारे पाव वाटा कर्मचाऱ्यांचा होता. २२ जानेवारीच्या अखेरच्या भागात त्यांनी तरुण प्रेक्षकांना कडवट न होण्याची विनंती केली. स्वतःचे स्वप्न नुकतेच मोडलेला माणूस हे बोलत होता, म्हणूनच ते अनेकांच्या मनात राहिले.

करारानुसार काही महिने दूरचित्रवाणीवर येण्यास त्यांना मनाई होती. मग त्यांनी या मनाईवरच नाव बेतून रंगमंचीय दौरा काढला. ८ नोव्हेंबर २०१० पासून टीबीएस या केबल वाहिनीवर ‘कोनन’ सुरू झाला. प्रेक्षकसंख्या लहान, पण मोकळीक मोठी. २०१५ मध्ये त्यांनी क्युबात चित्रीकरण केले आणि त्यातून परदेश प्रवासाच्या भागांची मालिका उभी राहिली. आर्मेनियाला ते आपल्या साहाय्यक सोना मोवसेसियन यांना घेऊन गेले, कारण ती सोना यांच्या पूर्वजांची भूमी. या भागांत हसू होते ते स्थानिकांवर नाही. बाजारात भाव करता न येणाऱ्या, नाच न जमणाऱ्या उंच, तांबूस केसांच्या परक्या माणसावर. टेबलामागे बसून केलेल्या कोणत्याही विनोदापेक्षा हे काम सरस आहे.

२०१८ च्या अखेरीस त्यांनी ‘कोनन ओब्रायन नीड्स अ फ्रेंड’ हा पॉडकास्ट सुरू केला. दूरचित्रवाणीवर पाहुण्याला सहा-सात मिनिटे मिळत आणि किस्सा आधीच ठरलेला असे. इथे तासभर बोलणे होते, विषय भरकटतो, आणि सोना यांच्याशी चालणारी तू-तू मैं-मैं लोकांना पाहुण्याइतकीच आवडते. २४ जून २०२१ रोजी ‘कोनन’ संपला तेव्हा पुढची वाट तयार होती. २०२२ मध्ये त्यांची ‘टीम कोको’ ही कंपनी सिरियस एक्सएम या रेडिओ कंपनीने विकत घेतली. पॉडकास्टवर भेटलेल्या चाहत्यांच्या देशांत जाऊन त्यांना गाठायचे, या कल्पनेवर २०२४ मध्ये ‘कोनन ओब्रायन मस्ट गो’ हा प्रवासाचा कार्यक्रम आला आणि त्याच्या लेखनाला एमी हा दूरचित्रवाणी क्षेत्रातला पुरस्कार मिळाला.

डिसेंबर २०२४ मध्ये आई-वडील तीन दिवसांच्या अंतराने गेले. मार्च २०२५ मध्ये त्यांनी ऑस्कर सोहळ्याचे सूत्रसंचालन केले, त्याच महिन्यात त्यांना विनोदासाठीचे मार्क ट्वेन पारितोषिक मिळाले, आणि पुढच्या वर्षीच्या ऑस्करसाठीही त्यांचीच निवड झाली. जुलै २०२५ मध्ये सीबीएसने स्टीफन कोल्बेअर यांचा ‘लेट शो’ हा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम बंद करण्याचे जाहीर केले. त्यानंतर महिन्याभरात, दूरचित्रवाणी अकादमीच्या सन्मान सोहळ्यात बोलताना ओब्रायन म्हणाले की, रात्रीच्या कार्यक्रमांचे आपल्याला माहीत असलेले रूप संपते आहे, पण कोल्बेअर यांच्यासारखे आवाज कुठेही जाणार नाहीत.