सेक्रेटॅरिएटचं हृदय आणि लॉरिनचा हात

कोल्हापुरात कुणा पैलवानाचं कौतुक निघालं की लगोलग त्याच्या वस्तादाचं नाव निघतं. पोरगं निकाली कुस्ती मारून आलं तर मेहनत वस्तादाची, चितपट होऊन आलं तर दोषही वस्तादाचाच. गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले आणि पुढे मोतीबाग तालमीचे वस्ताद म्हणून नावाजले, त्यामुळे दोन्ही मोठेपणं एकाच माणसात पाहायची या गावाला सवय आहे. घोडागाडीच्या शर्यतींचे इथले शौकीन हेच माप घोड्यालाही लावतात. जनावर जिंकलं की निम्मे म्हणतात, रक्तच तसलं आहे. निम्मे म्हणतात, हात चांगला लागलाय.

हा वाद मी शर्यतीच्या रस्त्याकडेला उभं राहून खूपदा ऐकलाय आणि मला तो मोलाचा वाटतो. त्याचं बरंचसं उत्तर शरीरशास्त्र देऊ शकतं. अट एकच: घोड्याला जे माप लावायचं, ते ट्रेनरला लावून चालत नाही. घोड्याची थोरवी त्याच्या एकट्याच्या शरीरात आणि घड्याळात सापडते. ट्रेनरची थोरवी त्याच्या पागेतल्या सगळ्या घोड्यांत शोधावी लागते, जिंकलेल्यांत आणि पाय गमावलेल्यांतही.

उदाहरण घ्यायचं तर सेक्रेटॅरिएटचं घ्यावं, कारण त्याच्याइतकी बारीक चिरफाड फार थोड्या घोड्यांची झाली आहे. हा अमेरिकेतला तांबूस घोडा. त्याचा ट्रेनर लुसियन लॉरिन, जॉकी रॉन टर्कॉट. ९ जून १९७३ ला न्यूयॉर्कच्या बेलमाँट स्टेक्समध्ये तो दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत धावला आणि ३१ लांबींनी जिंकला. एक लांबी म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतचा एक घोडा, साधारण अडीच मीटर. त्या शर्यतीतला हा विक्रम अजून मोडलेला नाही. हिशेब केला तर ताशी ६० किलोमीटरची सरासरी पडते, तीही मातीवर आणि पाठीवर माणूस घेऊन.

पण मला बेलमाँटपेक्षा त्याच्या महिनाभर आधीची केंटकी डर्बी जास्त विलक्षण वाटते. ती सव्वा मैलाची असते, म्हणजे पाव मैलाचे पाच टप्पे. सेक्रेटॅरिएटला ते टप्पे पार करायला लागलेले सेकंद असे: २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जलद! एरवी काय होतं? घोडा सुरुवातीला सुसाट सुटतो, स्नायूंना मिळणारा ऑक्सिजन कमी पडायला लागतो, ऑक्सिजनविना ऊर्जा काढायची वाट धरावी लागते, स्नायूंत आम्लता साठते आणि शेवटच्या टप्प्यात वेग पडतो. शर्यत बहुधा तोच जिंकतो ज्याचा वेग सगळ्यांत कमी पडतो. इथं वेग पडलाच नाही, वाढत गेला. म्हणजे शेवटच्या चारशे मीटरलाही या जनावराचं रक्त स्नायूंची मागणी पुरवत होतं.

ते कसं, याचा अंदाज १९८९ साली आला. खुराच्या आतल्या भागाला सूज येऊन तो आजार असाध्य झाला आणि सेक्रेटॅरिएटला मरण द्यावं लागलं. शवविच्छेदन करणारे पशुरोगतज्ज्ञ थॉमस स्वेर्चेक यांना त्याचं हृदय निरोगी दिसलं, पण आकारानं अफाट. त्या हृदयाचं वजन काट्यावर घेतलेलं नाही, हे सांगायलाच हवं. लोक त्याचा आकडा छातीठोकपणे सांगतात म्हणून सांगतो. त्याच १९७३ च्या हंगामात त्याच्यामागे दुसरा येणारा शॅम नावाचा घोडा पुढे मेला, तेव्हा स्वेर्चेक यांनीच त्याचं हृदय तोललं. ते ८ किलोंच्या थोडं वर भरलं. त्यावरून त्यांनी सेक्रेटॅरिएटचं सुमारे १० किलो धरलं. शर्यतीच्या घोड्याचं हृदय साधारण ४ ते ५ किलोंचं असतं. ऑस्ट्रेलियातल्या फार लॅप या दंतकथा बनलेल्या घोड्याचं हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेलं आहे, ते ६.२ किलोंचं.

मोठ्या हृदयाचा फायदा समजायला दोन आकडे पुरतात. उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात, भर दौडीत ते २२० च्या वर जातात. प्रत्येक ठोक्याला जितकं जास्त रक्त बाहेर पडेल तितका स्नायूंना ऑक्सिजन जास्त. त्यात घोड्याची प्लीहा मदतीला येते. शांत असताना ती लाल पेशींचा साठा धरून बसते आणि दौड सुरू झाली की आकसून तो रक्तात सोडते. रक्तात लाल पेशींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, ते साठीच्या पार जातं. धावपटूंनी चोरून रक्त चढवून घेण्याचे प्रकार आपण वाचतो. घोड्याला ती सोय निसर्गानंच देऊन ठेवली आहे. म्हणून तयारीचा घोडा दर किलो वजनामागे मिनिटाला दीडशे मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन वापरू शकतो, तर जगातला अव्वल माणूस नव्वदीच्या घरात थांबतो.

आणि हे सगळं फक्त नाकानं. घोड्याला तोंडानं श्वास घेताच येत नाही. आपल्याकडच्या शर्यतीनंतर घोडा गाडीतून सोडतात, तेव्हा जवळ उभं राहून बघा. नाकपुड्या गोल आणि आतून लालभडक, कुशी भात्यासारख्या हलताहेत, मानेवर घामाचा पांढरा फेस, आणि मोतद्दार त्याला उभं न करता हळूहळू फिरवतोय. चौखूर उधळलेल्या घोड्याची टाप आणि श्वास एकमेकांना बांधलेले असतात: एका झेपेला एक श्वास. दम लागला म्हणून मध्येच जास्त श्वास घ्यायची त्याला मुभा नाही. दौडीच्या ताणानं फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि शर्यतीनंतर दुर्बिणीनं तपासलं तर बहुसंख्य घोड्यांच्या श्वासनलिकेत थोडंफार रक्त सापडतं. हे वाचूनही चाबूक उचलणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

आता हाताचा गुण. ट्रेनर काय वाढवू शकतो? काही आठवड्यांच्या मेहनतीनं घोड्याची ऑक्सिजन वापरायची क्षमता दहा-वीस टक्क्यांनी वाढते, हृदयही थोडं वाढतं. पाच किलोंचं दहा किलो मात्र कुणाच्याही हातानं होत नाही. जुने जाणते घोडा घेताना अंगावरचे भोवरे बघायचे, शुभ-अशुभ ठरवायचे. खरी दौलत छातीच्या आत होती आणि ती कुणालाच दिसत नव्हती.

हाताचा खरा कस लागतो तो पायाच्या नळीवर. हाड जिवंत असतं, त्याच्यावर जसा भार पडेल तसं ते स्वतःला घडवतं. नुसता लांब, संथ दौडीचा सराव दिलेल्या दोन वर्षांच्या घोड्याची नळी संथ दौडीलाच योग्य अशी बनते. मग अचानक भर वेगात सोडला की नळीच्या पुढच्या बाजूला सूज आणि बारीक तडे येतात. थोड्या थोड्या अंतराच्या जलद दौडी सुरुवातीपासून दिल्या तर नळीची पुढची भिंत जाड होते. हे संशोधनातून नीट दिसलेलं आहे. म्हणजे घाई करणाराही चुकतो आणि नुसतं जपणाराही.

शिरेचं गणित आणखी अवघड. पुढच्या पायाच्या मागून जाणारी जाड शीर, म्हणजे रक्ताची नव्हे तर स्नायू हाडाला बांधणारी, दौडीत रबरासारखी ताणली जाते आणि परत आखडते. त्यातूनच घोड्याला फुकट उसळी मिळते. पण ताण जवळजवळ तुटण्याच्या सीमेपर्यंत जातो आणि शिरेचा गाभा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. हाडासारखी ही शीर वयात आल्यावर मेहनतीनं मजबूत होत नाही, झिजते मात्र. ट्रेनरला ती वाढवता येत नाही, जपूनच वापरावी लागते. खुराक, चंदी, खरारा सगळं उत्तम ठेवून शीर घालवलेले घोडे आपल्याकडेही कमी नाहीत.

रक्ताची बाजू घेणाऱ्यांना एक आकडा बोचेल. एडिंबरा विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ साली थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीच्या, घोड्यांच्या आयुष्यभराच्या बक्षीस-कमाईचा हिशेब मांडला. घोड्याघोड्यांतल्या फरकाचा जेमतेम दहा टक्के भाग आनुवंशिकतेनं समजावता आला. उरलेला मोठा वाटा पैसा, ट्रेनर, जॉकी, शर्यतींची निवड असल्या गोष्टींचा. पण याचा अर्थ रक्ताला किंमत नाही असा नाही. जगातल्या सुमारे ९५ टक्के थरोब्रेडांची पितृशाखा डार्ली अरेबियन या एकाच घोड्याकडे जाते. सगळेच इतके जवळचे भाऊबंद म्हटल्यावर त्यांच्यात फरक उरणार किती? टांग्याचं तट्टू आणि थरोब्रेड यांच्यातला फरक या दहा टक्क्यांत धरलेलाच नाही. आणि याच आकड्यात ट्रेनरच्या कीर्तीबद्दलचा धोकाही आहे. नाव झालं की श्रीमंत मालक उत्तम शिंगरं त्याच्याचकडे पाठवतात, मग तो जास्त जिंकतो, नाव आणखी वाढतं. एका अलौकिक घोड्यावरून ट्रेनर मोठा ठरवणं मला म्हणूनच पटत नाही.

बॉब बॅफर्ट यांचंच पाहा. २०१५ चा अमेरिकन फॅरो आणि २०१८ चा जस्टिफाय, असे तिहेरी मुकुटाचे, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट एकाच वर्षी जिंकलेले, दोन घोडे या अमेरिकन ट्रेनरच्या पागेतले. २०२१ ची केंटकी डर्बी त्यांच्या मेडिना स्पिरिटनं जिंकली आणि त्याच्या रक्तात बीटामेथासोन सापडलं: एका मिलिलिटरमध्ये २१ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. औषध एरवी चालतं, शर्यतीच्या दिवशी अंगात चालत नाही. ते सांध्याची सूज आणि दुखणं दाबतं, आणि दुखणं दबलेला घोडा तडा गेलेल्या पायावरही जीव तोडून धावतो. नियम त्यासाठी आहे. बॅफर्ट म्हणाले, कातडीच्या मलमातून गेलं असेल. पुढच्या लघवीच्या तपासणीत खरोखर मलमात असणारंच रूप सापडलं, इंजेक्शनातलं नाही. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये घोडा बाद झाला, कारण औषध कुठून आलं हे नियम विचारत नाही.

२१ पिकोग्रॅमनी डर्बी जिंकली असं मी म्हणणार नाही, तेवढ्यानं कुठलाच घोडा जलद होत नाही. पण आठच महिन्यांपूर्वीच्या केंटकी ओक्स शर्यतीतून बॅफर्ट यांचीच गॅमीन ही घोडी याच औषधामुळे बाद झाली होती. एकदा पोळल्यावर पागेतल्या प्रत्येक ट्यूबवरचं लेबल वाचणं हे ट्रेनरचंच काम. मेडिना स्पिरिट डिसेंबर २०२१ मध्येच सरावानंतर कोसळून मेला होता. शवविच्छेदनातून कारण निश्चित झालं नाही.

परत लॉरिनकडे येऊ. डर्बीच्या दोन आठवडे आधी सेक्रेटॅरिएट वूड मेमोरियल शर्यतीत तिसरा आला आणि वर्तमानपत्रांनी घोडा आणि ट्रेनर दोघांनाही धुऊन काढलं. पहिला आलेला अँगल लाइट लॉरिनच्याच पागेतला होता. सेक्रेटॅरिएटच्या तोंडात गळू झालं होतं, लगामाचा लोखंडी तुकडा तिथंच टोचत होता. पुढे ऑगस्टमध्ये तो व्हिटनी शर्यतीत अनियन नावाच्या सामान्य घोड्याकडून हरला. तेव्हा त्याच्या अंगात विषाणूचा संसर्ग होता. सप्टेंबरात मार्लबरो कप जागतिक विक्रमी वेळेत जिंकून दोनच आठवडे झाले असताना चिखल झालेल्या मैदानावर लॉरिननं त्याला वूडवर्ड शर्यतीत उतरवलं. मुळात तिथं लॉरिनच्याच पागेतला रिव्हा रिज धावायचा होता, मैदान ओलं म्हणून तो मागे घेतला आणि पुरती तयारी नसलेला सेक्रेटॅरिएट त्याच्या जागी गेला. प्रूव्ह आउटनं त्याला साफ हरवलं. ही चूक लॉरिनचीच, ती घोड्याच्या माथी मारणं अन्याय आहे.

अनियन आणि प्रूव्ह आउट दोघांचा ट्रेनर एकच होता, अ‍ॅलन जर्केन्स. आधीच्या दशकात केल्सोसारख्या अजिंक्य वाटणाऱ्या घोड्यालाही त्यानं ब्यू पर्पलकरवी तीनदा हरवलं होतं. एकदा जिंकला तर नशीब म्हणता येईल. वेगवेगळी, फारशी नाव नसलेली जनावरं घेऊन, वेगवेगळ्या बलाढ्यांविरुद्ध, वर्षानुवर्षं जिंकतो तेव्हा तो हाताचाच गुण. त्या हंगामातला ट्रेनरचा मान मी जर्केन्सला देतो.

लॉरिनच्या पदरात एक गोष्ट मात्र टाकायलाच हवी. वूडवर्डच्या पराभवानंतर त्यानं सेक्रेटॅरिएटला मातीवरून हिरवळीवर नेलं. मऊ गवतावर टाप वेगळी पडते, आणि मातीवरचे कित्येक बलदंड घोडे तिथं चाचपडतात. ८ ऑक्टोबरला मॅन ओ’ वॉर शर्यत सेक्रेटॅरिएटनं जिंकली. २८ ऑक्टोबरला कॅनडात वूडबाइनला त्याची शेवटची शर्यत होती. टर्कॉटवर तेव्हा बंदी होती, म्हणून पाठीवर एडी मेपल बसला. जमीन नवी, जॉकी नवा, देशही नवा, आणि सेक्रेटॅरिएट साडेसहा लांबींनी पुढे.