जीवरक्षक उपचारांच्या माहितीपत्रकांची सुबोधता

व्हेंटिलेटर, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणे), डायलिसिस, एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारे मशीन) अशा उपचारांविषयीची लेखी माहिती रुग्णाला आणि नातेवाइकांना वाचून कितपत कळते, ती तिची सुबोधता. ही पत्रके बहुधा आयसीयूच्या दाराबाहेर उभ्याउभ्या वाचली जातात आणि सही लगेच हवी असते. म्हणून इथे एकेका शब्दाला वजन आहे.

मोजमाप इंग्रजीत सुरू झाले. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चारघटक मोजते. १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी त्यातूनच फ्लेश-किंकेड सूत्र झाले. त्याचे उत्तर शालेय इयत्तेत मिळते. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या मुलाला वाचता यावा, अशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस आहे.

मराठीत ही मोजणी फसते. ‘व्हेंटिलेटर’ आणि ‘वायुवीजन’ ही दोन्ही पाच अक्षरे. सूत्राला दोन्ही सारखीच, पण पहिला शब्द खेड्यातही कळतो आणि दुसऱ्यापाशी शिकलेला माणूसही अडतो. ‘अंतःश्वासनलिकीय नलिकाप्रवेशनास संमती आहे’ हे वाक्य छोटे आहे. तेच ‘तोंडातून श्वासनळीत नळी घालू. ती मशीनला जोडू. नळी असेपर्यंत पेशंटला बोलता येणार नाही’ असे लिहिले तर लांबते, पण घरच्यांना पुढचे चित्र दिसते. नळी घालण्याआधी दोन शब्द बोलून घ्यायचे, तर हे आधी कळायलाच हवे.

खरी अडचण ‘जीवरक्षक’ या शब्दातच आहे. तो जीव वाचेल असे सांगतो. मशीन श्वास चालू ठेवते, मूळ आजार बरा करत नाही, हे पत्रकात पहिल्या काही ओळींतच यायला हवे. उलट ‘व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपले’ ही समजूतही घरोघरी आहे. बरे होऊन मशीनवरून सुटणारे रुग्ण असतात, हेही तिथेच लिहावे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असे उपचार नाकारण्याच्या पूर्वलिखित इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन चालते. त्यामुळे ही माहिती धडधाकट माणसांनाही लागते.

पत्रक कळले का, हे पाहण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ‘समजले ना?’ न विचारता ‘घरी गेल्यावर आईंना काय सांगाल?’ असे विचारणे आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेणे.